तेविसाव्या वर्षी मॅट्रिक

दहावीला मी गणितात नापास झालो. बरोबरीची मुले दापोलीला अकरावीचे फॉर्म भरत होती आणि मी घरात तोंड लपवून बसलो होतो. तेव्हा आपल्या गणिताच्या सरांनी मला बोलावून धोंडो केशव कर्व्यांची हकीकत सांगितली.

आपल्याच तालुक्यातल्या मुरूडचा हा मुलगा, जन्म १८५८ चा. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी गेला. अंतर सुमारे ११० मैल. तिथे वय कमी दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. आल्या पावली परत! इंग्रजी शिक्षणही उशिराच सुरू झाले. १८८१ मध्ये मुंबईहून तो मॅट्रिक झाला, तेव्हा वय तेवीस. मग शिकवण्या करत १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., विषय गणित. १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न.

एवढे सांगून सरांनी उपदेश केला नाही. उद्यापासून संध्याकाळी वही घेऊन घरी यायला सांगितले. फी घेतली नाही.

ऑक्टोबरला मी गणितात पास झालो. कॉलेजला तुमच्यापेक्षा एक वर्ष उशिरा आलो, एवढेच. मित्रांनो, तेव्हा तुम्हाला रस्त्यात चुकवत होतो, ते यासाठी. आज सर नाहीत, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.