गाडगेबाबांचा खराटा आणि पालिकेची पावती

२० डिसेंबर आला की आपल्या नगरपालिका, महानगरपालिका जाग्या होतात. अधिकारी-पदाधिकारी नवे कोरे झाडू हातात घेतात, अगोदरच झाडून ठेवलेल्या रस्त्यावर उभे राहून फोटो काढून घेतात आणि गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घालून घरी जातात. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता झाडायला पहाटे पाच वाजता कोण येतो, हे सांगायला नकोच. तो आपल्याच माणसांपैकी कुणी तरी असतो. म्हणून गाडगेबाबांचे चरित्र आपण आपल्या नजरेने पुन्हा एकदा वाचले पाहिजे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. गावाचे मळके कपडे धुवायचे आणि गावाने वर तोंड करून बोलू द्यायचे नाही, अशी त्या जातीची अवस्था होती. दारूने वडिलांचा अकाली बळी घेतला. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. गुरे राखणे, नांगर धरणे, मळणी करणे यातच डेबूचे बालपण गेले. शाळेचा उंबरठा त्याला दिसलाच नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा अक्षर न येणे म्हणजे काय असते ते त्याला पुरते कळले. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, म्हणून घाम गाळणारा भूमिहीन झाला आणि सावकार मालक झाला. पुढे आयुष्यभर त्यांनी शिक्षणाचा धोशा लावला त्याचे मूळ इथे आहे.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद चिडले, पण ते हटले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हातात खराटा. लोकांनी त्या खापरावरून त्यांना गाडगेबाबा म्हटले. त्याच गाडग्यात ते भाकरी मागून घेत आणि त्यातच पाणी पीत.

बाबांची कामाची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. गावात पाऊल ठेवले की ते कुणाच्या वाड्यावर जात नसत, देवळातही जात नसत. ते थेट खराटा चालवायला सुरुवात करत. गटाराची तोंडे मोकळी करत, उकिरड्याभोवतीची घाण उचलत, पाणवठ्याचा चिखल काढत. आधी पोरे जमत, मग बायका, शेवटी लाज वाटून पुरुषही फावडे घेऊन येत. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख होई आणि त्याच जागी रात्री कीर्तन रंगे. ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांची शाळाच. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडी-बकरी कापू नका, दारूला शिवू नका, शिवाशिव पाळू नका, घरात ताट नसेल तर हातावर भाकरी घेऊन खा पण मुलाला शाळेत घाला, हे ते वऱ्हाडी बोलीत लोकांच्याच तोंडून वदवून घेत. कुणी पाया पडायला आला तर त्याला ते जवळ येऊ देत नसत. मुलगा गेल्याची बातमी कीर्तनात आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

पंढरपूरला ते दरवर्षी जात, पण विठ्ठलाच्या दर्शनाला नव्हे. लाखो वारकरी परतल्यावर वाळवंटात जी घाण उरे ती उचलायला ते जात. ज्या चोखोबांचे अभंग वारीत गायले जात, त्या चोखोबांच्या जातीला १९४७ पर्यंत मंदिरात प्रवेश नव्हता. वारीला आलेल्या अस्पृश्यांना पाठ टेकायलाही जागा मिळत नसे. बाबांनी लोकवर्गणीतून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथेही धर्मशाळा बांधल्या. पण स्वतः मात्र त्यातल्या एकाही खोलीवर हक्क सांगितला नाही.

पुढे १९४९ मध्ये हीच पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने आपली कमाई जगातल्या थोर विद्वानाच्या शिक्षणसंस्थेला दिली, ही घटना आपल्या चळवळीने काळजात जपून ठेवावी अशी आहे. कीर्तनातून ते बाबासाहेबांचे उदाहरण देत आणि माणूस शिकला तर कुठल्या कुठे जातो हे खेड्यातल्या माणसाला पटवत. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांनी देह ठेवला.

इथे एक प्रश्न पडतो आणि तो टाळून चालणार नाही. बाबासाहेब आपल्या माणसाला मेलेली ढोरे ओढणे सोडा, गावकीची घाणेरडी कामे सोडा असे सांगत होते आणि गाडगेबाबा तर स्वतः खराटा घेऊन फिरत होते. मग या दोघांचा मार्ग परस्परविरोधी होता काय? मुळीच नाही. या देशात माणूस झाडू मारतो म्हणून भंगी ठरत नाही, तो भंगी म्हणून जन्मतो आणि मग झाडू मारो वा न मारो, भंगीच राहतो, हे बाबासाहेबांनी जगाला दाखवून दिले. ज्याच्या हातात जातीने झाडू दिला त्याला तो खाली ठेवायला बाबासाहेबांनी शिकवले आणि ज्या हातांनी कधी झाडूला स्पर्शच केला नव्हता त्या हातांत गाडगेबाबांनी तो दिला. दोघांचा घाव एकाच ठिकाणी बसत होता. घाण करणारा प्रतिष्ठित आणि घाण उचलणारा हलका, हा मनुवादी हिशेब त्यांनी उलटा केला. बाबांच्या हाती दंडाची पावती नव्हती, पोलीस नव्हता. लाज मात्र त्यांनी घाण करणाऱ्याला वाटायला लावली.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे पाहू. सन २०००-०१ मध्ये राज्य सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावोगावी बक्षिसांची चढाओढ लागली. हिवरेबाजार, राळेगणसिद्धीसारख्या गावांमुळे आदर्श गावांचा जिल्हा म्हणून नगरचे नाव आधीच गाजत होते. नगर शहरात २००३ मध्ये पालिकेची महानगरपालिका झाली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि जागेवर दंड करण्याचा मार्ग खुला केला. रस्त्यावर घाण करणे, थुंकणे यासाठी शंभर-दीडशेपासून उघड्यावर शौचासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंडाचे दर राज्याने ठरवले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले.

दंडाला आमचा विरोध नाही. घाण करणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण पावती कुणाच्या नावाने फाटते? हातगाडीवाला, भाजीवाली, ज्याच्या वस्तीत संडासच नाही तो झोपडीतला माणूस हाती लागतो. रात्रीच्या अंधारात गावाबाहेर बांधकामाचा राडारोडा, दवाखान्याचा कचरा ओतून जाणारी ट्रॉली कुणाची, हे साऱ्यांना माहीत असते आणि तिचा नंबर कुणालाच दिसत नाही. नगर शहराचा कचरा वर्षानुवर्षे बुरुडगावच्या डेपोत जात राहिला. त्याच्या धुराविरुद्ध आणि दुर्गंधीविरुद्ध ओरडायची पाळी तिथल्या गावकऱ्यांवर आली. शहराने आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकणे हा गुन्हा कुठल्या पावतीत बसतो?

आणि याच जिल्ह्यात, स्वच्छतेची बक्षिसे मिरवणाऱ्या याच मातीत, १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यातील सोनई येथे काय घडले ते आपण विसरलेलो नाही. सफाईचे काम करणाऱ्या मेहतर समाजाच्या तीन तरुणांना शौचालयाच्या टाकीच्या कामाचा बहाणा करून बोलावून घेतले आणि त्यांची निर्घृण हत्या केली. त्यातल्या एकाने वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम केले होते, एवढाच त्यांचा अपराध. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. बोलावण्यासाठी जो बहाणा शोधला गेला तोच सारे सांगून जातो. टाकी साफ करायला हाक मारली की हा माणूस येणारच, कारण त्याच्या जातीने दुसरे काम त्याला ठेवलेलेच नाही, याची मारेकऱ्यांना खात्री होती.

मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ माणसे मरतच राहिली.

म्हणून चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पालिकेत जाऊन काही हिशेब मागितले पाहिजेत. वर्षभरात किती दंड वसूल झाला आणि तो कुणाकडून? मोठ्या कचरा टाकणाऱ्या किती जणांवर गुन्हे दाखल झाले? दंडाच्या पैशातून सफाई कामगारांना हातमोजे, बूट, यंत्रे किती मिळाली? ठेकेदाराकडच्या कामगाराला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो काय? त्यांची किती मुले पदवीपर्यंत पोचली? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. एक अर्ज लिहायला दहा रुपये लागतात.

गाडगेबाबांना लिहिता येत नव्हते. आपल्याला येते, ते बाबासाहेबांमुळे. येत्या २० डिसेंबरला झाडू हातात घेऊन फोटो काढण्यापेक्षा हा अर्ज लिहून पालिकेच्या आवक-जावक टेबलावर द्यावा आणि पोच घ्यावी. तेच या दोन्ही बाबांना खरे अभिवादन ठरेल.