कर्ता गेला तरी घर मोडू नये म्हणून झटलेले फादर मॅकगिव्हनी
१४ ऑगस्ट, पुण्यतिथी विशेष

आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की गाव धावून येतं. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी भाकरी आणून देतात. दहाव्यापर्यंत माणसांची रीघ असते, कुणी पुढाकार घेऊन वर्गणी काढतं. तेरावं झालं की ज्याची त्याची कामं सुरू होतात, कारण पेरणी कुणासाठी थांबत नाही. मग सोसायटीचं कर्ज, पोरांची फी, किराणावाल्याची उधारी सगळं त्या बाईच्या एकटीच्या डोक्यावर येतं. वर्गणी किती जमली हेसुद्धा गेलेला माणूस किती लोकांच्या ओळखीचा होता, यावरच ठरतं.

जवळपास दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका तरुण ख्रिस्ती धर्मगुरूंना हाच प्रश्न पडला. त्यांनी त्यावर उपाय काढला. माणूस गेल्यावर हात पसरण्याऐवजी माणूस जिवंत असतानाच सगळ्यांनी मिळून नियम करून ठेवायचा. त्यांचं नाव फादर मायकल मॅकगिव्हनी. आयुष्य मिळालं अवघं ३८ वर्षांचं, पण त्यांनी उभी केलेली संघटना आजही चालू आहे.

चमच्यांच्या कारखान्यातला पोरगा

मायकल यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात वॉटरबरी या गावी झाला. आईवडील मूळचे आयर्लंडचे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि वर्षामागून वर्ष पीक हातचं गेलं. तिथला गरीब माणूस बटाट्यावरच जगायचा. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली, तितकीच जहाजात बसून देशोधडीला लागली. एका पिकावर संसार टांगलेला असला की काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

वॉटरबरी हे पितळेच्या कारखान्यांचं गाव. मायकलचे वडील तिथे साच्यात धातू ओतायचं काम करायचे. घरात तेरा मुलं झाली, त्यातली सहा लहानपणीच गेली. मायकल सगळ्यात थोरला. अभ्यासात हुशार, शाळा लवकर संपवली आणि तेराव्या वर्षी तोही कारखान्यात लागला. चमचे बनवायच्या खात्यात त्याने तीन वर्षं काम केलं. त्या वयात आपली पोरं आठवीत असतात.

धर्मगुरू व्हायचं त्याच्या मनात होतं. सोळाव्या वर्षी, १८६८ साली, तो शिक्षणासाठी कॅनडात गेला. १८७३ च्या जून महिन्यात, मायकल मॉन्ट्रियलला शिकत असताना, वडील वारले. आता थोरला मुलगा म्हणून घरची जबाबदारी त्याच्यावर आली. शिक्षण सुटायची वेळ होती. पण त्यांच्या भागाच्या बिशपांच्या मदतीने बाल्टिमोर शहरात पुढचं शिक्षण सुरू राहिलं. २२ डिसेंबर १८७७ रोजी तिथेच त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण केली, तेव्हा विधवा आई समोर बसलेली होती.

बाप गेल्यावर घराचं काय होतं, हे या माणसाने स्वतःच्या घरात पाहिलं होतं. पुढचं सगळं काम इथून सुरू होतं.

न्यू हेवनचे दिवस

पहिली नेमणूक झाली न्यू हेवन शहरातल्या सेंट मेरी चर्चमध्ये. चर्चची दगडी इमारत नवीन होती आणि डोक्यावर कर्ज मोठं होतं. मुख्य फादर आजारी असायचे, त्यामुळे बरंचसं काम या पंचविशीतल्या सहायकावरच पडलं. चर्च शहरातल्या श्रीमंतांच्या रस्त्यावर होतं आणि प्रार्थनेला येणारे मात्र मजूर, गाडीवान, घरकाम करणाऱ्या बाया. असल्या रस्त्यावर या लोकांचं चर्च कशाला, अशी कुरकुर तिथल्या बड्या लोकांत होती. ती पेपरातही छापून आली. आयरिश कॅथलिक माणसाकडे त्या काळी तिथे उपरा म्हणूनच बघायचे.

फादर मॅकगिव्हनी यांनी तरुणांना धरलं. दारू सोडलेल्यांची मंडळी चालवली. नाटकं बसवली, सहली काढल्या, बेसबॉलचे सामने ठेवले. पगाराच्या दिवशी गुत्त्याकडे वळणारी पावलं दुसरीकडे वळवायची तर तिथे काहीतरी चांगलं चाललेलं पाहिजे, एवढं साधं गणित होतं.

त्याच काळात चिप स्मिथ नावाच्या एका तरुणाने दारूच्या नशेत पोलीस अधिकाऱ्याचा खून केला. त्याला फाशीची शिक्षा झाली. फादर त्याला भेटायला तुरुंगात जात राहिले. १ सप्टेंबर १८८२ ला फाशी झाली, तेव्हा अगदी शेवटपर्यंत ते त्याच्याजवळ होते. ज्याच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं, त्याच्या शेजारी हे उभे राहिले.

कोर्टातला प्रसंग

कारखान्यात अपघात व्हायचे, छातीचे आजार व्हायचे, माणसं तरुणपणीच जायची. विमा म्हणाल तर गरिबाला परवडायचा नाही. बाप गेला आणि घरात कमाई नसली तर कोर्ट मुलांबाबत विचारणा करायचं. पालकत्व घेणाऱ्याला मोठ्या रकमेची हमी द्यावी लागायची. हमी मिळाली नाही तर मुलं आईपासून तोडून अनाथालयात किंवा परक्या घरी जायची.

न्यू हेवनमध्ये डाउन्स नावाचं एक कुटुंब होतं. बाप वारला, मागे आई आणि मुलं. १८८२ च्या फेब्रुवारीत प्रकरण कोर्टापुढे आलं. बाकीच्या मुलांची सोय झाली, पण आल्फ्रेड या मुलासाठी मोठ्या रकमेची हमी मागितली होती आणि ती काही जमेना. फादर मॅकगिव्हनी कोर्टात हजर होते. त्या मुलाचं पालकत्व त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

एका मुलाचं निभावलं. पण गावात अशी घरं कितीतरी होती आणि एक फादर किती ठिकाणी पालक म्हणून उभे राहणार?

तळघरातली बैठक

यावर त्यांचा विचार आधीपासूनच चालू होता. २ ऑक्टोबर १८८१ रोजी त्यांनी चर्चच्या तळघरात काही माणसांना बोलावलं. सगळे साधे कष्टकरी आणि लहानमोठे धंदेवाले. आपण आपलीच एक संघटना काढू, असं तिथे ठरलं. त्या काळी एकमेकांना मदत करणाऱ्या गुप्त मंडळ्या बऱ्याच होत्या. तिथे ओळखीपाळखी वाढायच्या आणि विम्याची सोयही असायची. पण कॅथलिकांना अशा गुप्त मंडळ्यांत जायला चर्चची बंदी होती. म्हणजे धर्म सांभाळायचा तर विमा नाही आणि विमा पाहिजे तर धर्म सोडा, अशी तरुणांची कोंडी झाली होती.

फादर स्वतः बोस्टनला आणि ब्रुकलिनला जाऊन आले. तिथे कॅथलिकांच्या अशा मंडळ्या चालू होत्या. त्यांचे नियम, हिशेब, पद्धत समजून घेतली आणि परत येऊन आपली घडी बसवली. संघटनेला नाव दिलं नाइट्स ऑफ कोलंबस, म्हणजे कोलंबसाचे शिलेदार. भारत शोधायला निघालेला आणि अमेरिकेला पोहोचलेला तोच हा कोलंबस. तिथल्या मूळ रहिवाशांवर त्याने केलेल्या जुलमाबद्दल आज उघड बोललं जातं. त्या वेळी मात्र सगळी अमेरिका त्याला मान द्यायची आणि तो कॅथलिक होता. आम्हीही याच देशाचे आहोत, हे या नावातून सांगायचं होतं.

२९ मार्च १८८२ रोजी कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळाने संघटनेला रीतसर मान्यता दिली. म्हणजे सगळं कायद्याने, उघड कारभाराने. फादर स्वतः प्रमुख झाले नाहीत. यादवी युद्धात लढलेले जेम्स मुलेन यांना पहिले प्रमुख केलं आणि स्वतः चिटणीस राहिले. पत्रं लिहायची, नोंदी ठेवायच्या, गावोगावच्या लोकांना समजावायचं हे काम घेतलं. संघटना चर्चची असली तरी ती सामान्य गृहस्थ माणसांनीच चालवावी, यावर ते ठाम होते.

एका डॉलरचा हिशेब

सुरुवातीची पद्धत अगदी सोपी होती. एखादा सभासद वारला की बाकीच्या प्रत्येक सभासदाने एक डॉलर द्यायचा. जमलेले पैसे, जास्तीत जास्त एक हजार डॉलर, वारसाला मिळायचे. साध्या मजुराची एका दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक डॉलर किंवा थोडी जास्त होती. म्हणजे प्रत्येकाने जवळपास एका दिवसाचा रोज द्यायचा आणि त्या बाईच्या हातात मजुराची दोन-तीन वर्षांची कमाई पडायची. आजारी पडून घरी बसलेल्या सभासदालाही मदत ठरलेली होती.

यातली खरी गोष्ट पैशापेक्षा वेगळी आहे. ही मदत म्हणजे दया नव्हती. गेलेल्या माणसाने स्वतः जिवंतपणी दुसऱ्यांच्या घरासाठी डॉलर दिलेले असायचे, त्यामुळे त्याच्या बायकोला कुणापुढे मान खाली घालावी लागत नव्हती. तो चारचौघांत मिसळणारा होता की अबोल, हेही कुणी बघत नव्हतं. वहीत नाव आहे, मग हक्क आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिलं वर्ष सभासद मिळवण्यातच गेलं आणि प्रतिसाद थंड होता. आता ही आणखी एक मंडळी कशाला, असं म्हणणारे धर्मगुरूही होते. फादरांनी नेट सोडला नाही. १८८३ मध्ये मेरिडन गावात दुसरी शाखा निघाली आणि मग गाडी चालू लागली. सगळ्यांना सारखीच वर्गणी ठेवण्यातही अडचण होती, कारण तरुण आणि म्हातारा एकाच मापाने मोजले जायचे. पुढे संघटनेने वयाप्रमाणे हप्ता ठरवला आणि हिशेब पक्का केला.

शेवटची वर्षं

१८८४ च्या नोव्हेंबरात फादरांची बदली थॉमस्टन या घड्याळांच्या कारखान्याच्या गावी झाली. शेजारच्या टेरीव्हिल गावचं कामही त्यांच्याकडेच होतं. चिटणीसपद सोडलं तरी संघटनेचे धर्मगुरू म्हणून ते जोडलेले राहिले. तब्येत मुळात नाजूक. १८९० च्या जानेवारीत न्यूमोनिया झाला. उपचार झाले, पण उतार पडला नाही. १४ ऑगस्ट १८९० रोजी, अडतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ते गेले. वॉटरबरीला अंत्यविधी झाला तेव्हा माणूस मावत नव्हता. तोपर्यंत संघटनेच्या पन्नासहून जास्त शाखा झाल्या होत्या आणि बहुतेक शाखांची माणसं आली होती. पॅट्रिक आणि जॉन हे त्यांचे दोन धाकटे भाऊही धर्मगुरू झाले आणि दोघांनी पुढे संघटनेत थोरल्या भावाची जागा सांभाळली.

संघटनेला शंभर वर्षं होत आली तेव्हा त्यांचे अवशेष न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चमध्ये आणून ठेवले. ज्या चर्चच्या तळघरात पहिली बैठक झाली, तेच हे चर्च. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी कॅथलिक चर्चने त्यांना धन्य म्हणून जाहीर केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी आहे.

आज नाइट्स ऑफ कोलंबसचे वीस लाखांहून जास्त सभासद आहेत. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, फिलिपाइन्स, पोलंड अशा देशांत शाखा आहेत. सभासद फक्त कॅथलिक पुरुष. गावोगावच्या शाखा चर्चच्या आवारात जेवणं घालून निधी जमवतात, थंडीत गरीब मुलांना कोट देतात, अपंगांना चाकाच्या खुर्च्या देतात. विमा तर चालूच आहे आणि त्याचा व्याप प्रचंड वाढला आहे.

आपल्याकडे भिशी आहे, महिला बचत गट आहेत, विकास सोसायटी आहे. एकत्र येऊन पैसा जमवणं आपल्या गावाला नवीन नाही. बचत गटाच्या बायांनी तर हिशेब कसा ठेवायचा हे पुरुषांना शिकवलं. पण सभासद अचानक गेला तर त्याच्या घराला काय मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि ते कोण नेऊन देईल, हे किती गटांच्या वहीत लिहिलेलं आहे? शेतकऱ्यासाठी सरकारी अपघात योजना आहे, बँकेचा स्वस्त विमा आहे, पण अर्ज कुणी भरायचा आणि कागद कुणी जमवायचे यात ती बाई एकटी पडते. फादर मॅकगिव्हनी यांच्या पद्धतीत या कामासाठी एक चिटणीस होता आणि एक वही होती. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यायला काही खर्च येत नाही.