शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल (अँथनी अॅशली-कूपर)

अँथनी अॅशली-कूपर, शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल (२८ एप्रिल १८०१ – १ ऑक्टोबर १८८५) हे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश राजकारणी, समाजसुधारक आणि इव्हँजेलिकल विचारांच्या ख्रिस्ती मंडळींचे पुढारी होते. १८११ पासून वडिलांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८५१ पर्यंत, ते लॉर्ड अॅशली या नावाने ओळखले जात. कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि वेड्यांची इस्पितळे यांच्या कारभारावर शासनाचे नियंत्रण आणणाऱ्या कायद्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ते जन्माने उमराव आणि वृत्तीने हुजूर पक्षाचे, म्हणजेच टोरी होते. लोकशाही, कामगार संघटना आणि मताधिकाराचा विस्तार या तिन्हींविषयी त्यांच्या मनात अविश्वास होता. व्यक्तीच्या व्यवहारात सरकारने कितपत हात घालावा, या प्रश्नावर हुजूर पक्षात जे मतभेद होते, ते त्यांच्या एकट्याच्या आयुष्यातही दिसतात. गिरणीमालकांच्या स्वातंत्र्यावर कायद्याचा अंकुश हवा, असा आग्रह त्यांनी १८३३ मध्ये धरला. १८८३ मध्ये मात्र मजुरांच्या घरांसाठी सरकारी मदत देण्यास त्यांनी जाहीर विरोध केला.

सुरुवातीचे जीवन

त्यांचा जन्म लंडनमध्ये झाला. वडील क्रॉपली अॅशली-कूपर हे पुढे सहावे अर्ल झाले. आई अॅन या मार्लबरोच्या चौथ्या ड्यूकच्या कन्या होत्या. आईवडिलांकडून त्यांना माया मिळाली नाही. घरातील मारिया मिलिस या कारभारीणबाईंनी त्यांना प्रार्थना शिकवली आणि बायबलमधील गोष्टी सांगितल्या. ते लहान असतानाच बाई वारल्या. मृत्यूपूर्वी त्यांनी आपले सोन्याचे घड्याळ या मुलाच्या नावे ठेवले होते आणि ते घड्याळ अॅशली यांनी आयुष्यभर वापरले. हॅरो येथे शिकत असताना दारू प्यालेली माणसे एका दरिद्री माणसाची शवपेटी हेलकावे देत नेताना त्यांनी पाहिली आणि गरिबांसाठी काम करण्याचा निश्चय त्या दिवशी केला, असे ते पुढे सांगत. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयातून १८२२ मध्ये अभिजात भाषांत प्रथम श्रेणी मिळवून ते बाहेर पडले. १८२६ मध्ये ते वुडस्टॉक मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेले. ही जागा आजोळच्या घराण्याच्या हातातली होती. १८२८ ते १८३० या काळात, वेलिंग्टन पंतप्रधान असताना, हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे ते सदस्य होते. १८३० मध्ये एमिली कूपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दहा अपत्ये झाली.

वेड्यांची इस्पितळे

त्यांचे पहिले मोठे काम गिरण्यांविषयी नव्हते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १८२७ मध्ये संसदेने दरिद्री वेड्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तिचे ते सदस्य होते. खाजगी इस्पितळांत रुग्णांना शनिवारी संध्याकाळी पेंढ्यावर साखळ्यांनी जखडत आणि सोमवारी सकाळपर्यंत तसेच सोडून देत, हे या चौकशीत उघड झाले. १८२८ च्या कायद्याने नेमलेल्या आयुक्तांमध्ये त्यांचा समावेश झाला, पुढे ते त्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. १८४५ च्या कायद्यांनी सर्व इस्पितळांची नियमित तपासणी बंधनकारक झाली. आपली बाजू स्वतः मांडू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने शासनाने दारे उघडून आत पाहिलेच पाहिजे, ही त्यांची धारणा इथेच पक्की झाली असे म्हणता येते.

गिरण्या आणि दहा तासांचा लढा

गिरण्यांतील कामाचे तास कमी करण्याचे विधेयक आधी मायकेल सॅडलर हे दुसरे टोरी सदस्य लढवत होते. डिसेंबर १८३२ च्या निवडणुकीत लीड्समध्ये ते पडले. त्यांचा पराभव करणाऱ्यांत थॉमस बॅबिंग्टन मेकॉले होते, ज्यांचे नाव पुढे हिंदुस्थानातील इंग्रजी शिक्षणामुळे सर्वतोमुखी झाले. सॅडलर यांच्या जागी कामगार समित्यांच्या वतीने रेव्हरंड बुल यांनी अॅशली यांना गळ घातली. उत्तर इंग्लंडशी आणि गिरण्यांशी काहीही संबंध नसलेल्या या तरुण उमरावाने ती जबाबदारी स्वीकारली.

अॅशली यांचे विधेयक अठरा वर्षांखालील सर्वांना दहा तासांची मर्यादा घालणारे होते. सरकारने ते बाजूला सारून १८३३ चा स्वतःचा कायदा आणला. त्यानुसार बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास मनाई झाली, तेरा वर्षांखालील मुलांना दिवसाला नऊ आणि अठरा वर्षांखालील मुलांना बारा तासांची मर्यादा पडली, आणि अंमलबजावणीसाठी चार निरीक्षक नेमले गेले. कायद्याचा पाया मात्र दोन्ही बाजूंना मान्य होता: लहान मूल आपल्या श्रमांचा करार स्वतंत्रपणे करू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कराराच्या स्वातंत्र्याची भाषा लागू पडत नाही. प्रौढ पुरुष तो करार करू शकतो, म्हणून त्याच्या कामाच्या तासांत सरकारने पडू नये.

प्रत्यक्षात ही सीमारेषा तितकी सरळ नव्हती. सूत कातणाऱ्या पुरुषाच्या यंत्राखाली वाकून तुटलेले धागे जोडणारी मुले निघून गेली की यंत्र चालत नसे. मुले, तरुण आणि स्त्रिया दहा तासांनी थांबल्या तर पुरुषांनाही थांबावे लागणार, हे अॅशली यांना ठाऊक होते, कामगारांना ठाऊक होते आणि गिरणीमालकांना तर पुरेपूर ठाऊक होते. म्हणूनच विरोध एवढा तीव्र होता. गिरणीचा सारा निव्वळ नफा शेवटच्या तासातच निघतो, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर यांनी मांडला होता. अॅशली यांच्याच पक्षाचे रॉबर्ट पील आणि गृहमंत्री जेम्स ग्रॅहम यांचे म्हणणे असे की तास कमी झाले तर मजुरी घटेल, परदेशी माल स्वस्त पडेल आणि ज्यांच्या भल्यासाठी कायदा करायचा तेच कामगार उपाशी मरतील. हा केवळ मालकांचा कावा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पील यांची ती प्रामाणिक समजूत होती. १८४१ मध्ये त्यांनी अॅशली यांना राजदरबारातील पद देऊ केले. दहा तासांना सरकारचा पाठिंबा नसल्याने अॅशली यांनी ते नाकारले.

१८४४ मध्ये अॅशली यांची दुरुस्ती सभागृहात एकदा संमतही झाली. तेव्हा पील यांनी पंतप्रधानपद सोडण्याची धमकी देऊन ती उलटवली. त्या वर्षीच्या कायद्याने प्रौढ स्त्रियांना प्रथमच बारा तासांची मर्यादा लागू झाली, एवढे मात्र पदरात पडले. याच काळात जॉन ब्राइट यांनी त्यांच्या वर्मावर बोट ठेवले: डॉर्सेटमधील त्यांच्या वडिलांच्या जमिनीवरील शेतमजूर लँकेशायरच्या कामगारांपेक्षा हलाखीत राहतात, त्यांचे काय? आरोपात तथ्य होते आणि अॅशली यांनाही त्याची बोच होती. वडील हयात असेपर्यंत मात्र त्या इस्टेटीवर त्यांचा काही अधिकार चालत नसे.

१८४६ मध्ये धान्य कायदे रद्द करण्यास अनुकूल झाल्यामुळे, ज्या जमीनदार मतदारांनी निवडून दिले त्यांचा विश्वासघात नको म्हणून त्यांनी डॉर्सेटची जागा सोडली. परिणामी दहा तासांचा कायदा १८४७ मध्ये जॉन फील्डन यांच्या नेतृत्वाखाली संमत झाला तेव्हा, चौदा वर्षे लढलेला माणूस सभागृहात नव्हता. सॅडलर यांना हरवणारे मेकॉले यांनी १८४६ मध्ये या विधेयकाच्या बाजूने भाषण केले होते. मालकांनी पाळ्यांची युक्ती काढून कायदा निकामी करण्यास सुरुवात केली, तेव्हा १८५० मध्ये साडेदहा तासांची तडजोड अॅशली यांनी मान्य केली. अनेक कामगार समित्यांनी त्यांना दगाबाज ठरवले.

खाणी आणि धुराडी

त्यांच्या मागणीवरून १८४० मध्ये नेमलेल्या आयोगाचा खाणींविषयीचा अहवाल १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चित्रे होती. अरुंद बोगद्यांतून कमरेला साखळी बांधून गाडे ओढणाऱ्या मुली, अंधारात दिवसभर झडपेच्या दारापाशी बसून राहणारी पाच-सहा वर्षांची मुले लोकांनी प्रथमच पाहिली. स्त्रिया व मुली तसेच दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या कामास बंदी करणारा कायदा त्याच वर्षी झाला. अॅशली यांनी मुलांसाठी तेरा वर्षांची अट घातली होती. खाणमालक उमरावांच्या दबावामुळे ती दहावर आली. सभागृहाला मुलांच्या थकव्यापेक्षा अर्धवस्त्र स्त्रियांच्या चित्रांनी अधिक हलवले, हे नमूद करायला हवे. ज्या स्त्रियांची मजुरी यामुळे बुडाली, त्यांच्यासाठी कायद्यात कोणतीही तरतूद नव्हती.

धुराड्यांत चढणाऱ्या मुलांची गोष्ट याहून शोचनीय आहे. १८४० चा कायदा केवळ कागदावर राहिला, कारण धुराडी सभ्य लोकांच्या घरांत होती आणि कायदा राबवणारे न्यायाधीशही त्याच घरांत राहत. १८७५ मध्ये पोलिसांचा वार्षिक परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कुठे ही प्रथा बंद पडली.

रविवारचे टपाल

दुबळ्यांच्या रक्षणासाठी कायदा आणि लोकांच्या आचरणासाठी कायदा यांतील फरक त्यांना नेहमीच जाणवत होता असे नाही. १८५० मध्ये रविवारी टपाल वाटप बंद करण्याचा ठराव त्यांनी कॉमन्समध्ये संमत करून घेतला. इतका संताप उसळला की काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. या प्रसंगात त्यांची बाजू टपाल कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीची होती, तशीच ती धर्माज्ञेचीही होती.

हिंदुस्थानातील गिरण्या

मुंबईतील कापड गिरण्यांत लहान मुलांकडून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम घेतले जाते, हा प्रश्न त्यांनी १८७५ आणि १८७९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडला. मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली हे कायद्यासाठी झटत होते. गिरणीमालकांना आणि अनेक हिंदी पुढाऱ्यांना यात मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचा डाव दिसत होता. संशय अगदीच निराधार नव्हता. हिंदुस्थानातील स्वस्त मजुरीमुळे इंग्लंडचा माल मागे पडेल, ही भीती शाफ्ट्सबरी यांनी स्वतःच बोलून दाखवली होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना बंदी आणि बारा वर्षांखालील मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, तीही शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरतीच. हिंदुस्थानशी निगडित आणखी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी देण्यास १८७६ मध्ये त्यांनी लॉर्ड्समध्ये विरोध केला.

घरांचा वाद

१८८३ मध्ये लंडनच्या झोपडवस्त्यांविषयी प्रसिद्ध झालेल्या एका पत्रकाने खळबळ उडाली. हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड सॉल्सबरी यांनी मजुरांच्या घरांसाठी सरकारने कमी व्याजाने कर्ज द्यावे असे नोव्हेंबरमध्ये लिहिले. पुढच्याच महिन्यात शाफ्ट्सबरी यांनी त्याला लेखाने उत्तर दिले. पाणी, हवा, सांडपाणी आणि गर्दी यांविषयी कडक कायदे करण्यास त्यांची ना नव्हती. पण सरकारने नाममात्र भाड्याने घरे पुरवली तर काबाडकष्ट करणाऱ्या माणसाचा स्वाभिमान आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जिद्द संपेल, असे त्यांचे मत होते.

यात विसंगती आहे, असे त्यांच्या टीकाकारांना वाटले. स्थानिक संस्थांना मजुरांसाठी निवासगृहे बांधण्याची मुभा देणारा १८५१ चा कायदा त्यांनीच आणला होता, जरी तो जवळजवळ कोणी वापरला नाही. त्यांच्या दृष्टीने मात्र फरक होता. गिरणीतले मूल किंवा साखळीतला वेडा नाही म्हणू शकत नव्हता. घरभाडे भरणारा प्रौढ पुरुष म्हणू शकत होता. तरीही ज्या वस्तीत एका खोलीत एक कुटुंब राहते आणि दुसरी खोली मिळतच नाही, तिथे हे नाही म्हणणे कितपत शक्य होते, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखात सापडत नाही. दुसरीकडे, लॉर्ड वेमिस यांच्या पुढाकाराने १८८२ मध्ये स्थापन झालेल्या स्वातंत्र्य व मालमत्ता रक्षण संघटनेला सरकारी हस्तक्षेपाचे बहुतेक सारेच कायदे नकोसे होते. एकाच वर्गातील, एकाच परंपरेतील ही तीन माणसे तीन ठिकाणी उभी होती. १८८४ मध्ये घरांविषयीचा शाही आयोग नेमला गेला, तेव्हा पहिली साक्ष वयोवृद्ध शाफ्ट्सबरी यांचीच झाली.

मृत्यू आणि स्मारके

१ ऑक्टोबर १८८५ रोजी फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीत प्रार्थनासभा झाली, पण दफन त्यांच्या इच्छेनुसार डॉर्सेटमधील सेंट जाइल्स या गावी करण्यात आले. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये १८९३ साली उभारलेले कारंजे त्यांचे स्मारक आहे. त्यावरील आल्फ्रेड गिल्बर्ट यांच्या पंखधारी मूर्तीला लोक इरॉस म्हणतात. त्यांच्या नावाचा शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यू हा रस्ता १८८६ मध्ये खुला झाला. तो दाट गरीब वस्त्या पाडून काढलेला होता. उठवलेल्या मजूर कुटुंबांची सोय आधी करावी, या कायद्यातील अटीमुळे त्याचे काम बरीच वर्षे रखडले होते.