सेवासदनच्या रमाबाई

माझी थोरली बहीण परिचारिकेचे शिक्षण घ्यायला निघाली, तेव्हा भावकीत कुजबुज झाली. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण मलाही उत्तर सुचले नाही. पुढे ग्रंथालयात रमाबाई रानडे यांचे चरित्र हाती आले.

१८६२ साली देवराष्ट्रे गावी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकविले. शिकतात म्हणून घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांनी सोसले. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्याची शुश्रूषा करणे त्या काळी पांढरपेशा घरांत कमीपणाचे! त्या स्वतः येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटत, रुग्णांना फळे-फुले नेऊन देत. पण तेवढे तर अनेकजण करतात. सेवेला नुसते पुण्यकर्म न ठेवता तिचा शिकून करण्याचा, पोटाला आधार देणारा व्यवसाय त्यांनी केला, हे मला अधिक मोठे वाटते. १९२४ साली त्या वारल्या.

बहीण आता नोकरीला लागली आहे. माझी यंदाची फी तिच्या पहिल्या पगारातून भरली.