शिक्षकांचे कैवारी : महात्मा जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेताच मुलींची शाळा, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाज डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांच्या चरित्राची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. खेड्यातील सरकारी शाळेच्या मास्तराकडे कोणाचे लक्ष नव्हते, त्या काळी त्यांनी एक नागरिक या नात्याने त्याची बाजू सरकारदरबारी मांडली. शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालकांशी हितगुज करताना मला त्यांचे हेच रूप आठवते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय करीत. त्यांनी मुलाला मराठी शाळेत घातले. परंतु शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही, असे कोणी त्यांच्या मनात भरवले आणि शाळा सुटली. पाटी गेली, हाती खुरपे आले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांना या मुलाची बुद्धी दिसत होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ च्या सुमारास जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. हे दोघे घरचे नव्हते की शाळेचे अधिकारी नव्हते. ते केवळ शेजारी होते. एका मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी शब्द टाकला, एवढेच त्यांचे कार्य. पण त्या शब्दाने पुढचा इतिहास घडवला.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. शिकवायला बाई मिळेनात, म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना शिकवून तयार केले. शाळेत जाता-येता त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई, हे आपण सारे जाणतो. समाजाच्या रोषामुळे १८४९ मध्ये पतिपत्नींना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आश्रय दिला. त्याच घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या. सदाशिवराव गोवंडे यांच्यासारखे मित्र पाठीशी राहिले, तर लहुजी वस्ताद साळवे यांनी वस्तीतील मुले शाळेत यावीत म्हणून घरोघरी लोकांना पटवले. कोणी जागा दिली, कोणी आसरा दिला, कोणी मुले आणली. शिकवणारे दोघे-तिघेच होते. त्यांना उभे राहू देणारे हात मात्र अनेक होते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला, तेव्हा त्या हातांचाही सन्मान झाला असे मी मानते.

पुढे शाळांचा कारभार मंडळीकडे गेला आणि काही वर्षांनी जोतीराव त्या कामातून बाजूला झाले. मात्र शिक्षणाचा ध्यास सुटला नाही. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे सांगून त्यांनी एकट्याने विरोध नोंदवला. सार्वजनिक पैसा कोठे जातो, हे विचारणे हीदेखील शाळेची सेवाच असते.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे, १९ ऑक्टोबरच्या निवेदनात, जोतीरावांनी शिक्षकांचा प्रश्न नेमकेपणाने मांडला. सरकारचा बहुतांश महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तिच्या मुलांच्या प्राथमिक शाळांवर इतका अल्प खर्च का, हा त्यांचा मूळ सवाल होता. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे असावे, असे त्यांनी सुचवले. मास्तर प्रशिक्षित असावा, शक्य तो शेतकरी वर्गातला असावा आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात त्याला कमीपणा वाटू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. वेतन किमान १२ रुपये असावे, मोठ्या गावी १५ ते २० असावे. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या मास्तराला वेगळा भत्ता द्यावा. तपासनीस वर्षातून एकदाच येऊन भागणार नाही, तीन महिन्यांनी तरी यावेत, तेही पूर्वसूचनेविना, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे ते शिक्षकांची नुसती तरफदारी करीत नव्हते. योग्य वेतन, योग्य मान आणि योग्य जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्यांना एकत्र हव्या होत्या.

गावात मास्तराचे वजन वाढावे म्हणून हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे अशी कामे त्याला द्यावीत, अशीही त्यांची एक सूचना होती. आज शिक्षक अशाच इतर कामांच्या ओझ्याखाली दबलेले असताना ती वाचून मी क्षणभर थबकले. पण त्यांचा हेतू शिक्षकाचा गावातला मान वाढवण्याचा होता; आज वाटणीला येते ते बहुतेक वेळा केवळ काम. काळ बदलला की उपायही पुन्हा तपासावे लागतात.

आयोगाने सक्तीच्या शिक्षणाची सूचना स्वीकारली नाही. १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने त्यांचे लेखन चालूच होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा अमलात आला. त्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे ठरवले. जोतीरावांना आयोगापुढे जाऊन बोलावे लागले. आपल्याला बोलण्यासाठी कायद्याने खुर्ची दिली आहे. ती रिकामी राहू नये.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत एखाद्या शिक्षिकेची जागा रिकामी झाली की ती भरली जाईपर्यंत दोन-दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात, हे मी मुख्याध्यापिका म्हणून अनुभवले आहे. अशा वेळी शाळेने लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा पालकांनी एकत्र येऊन दिलेल्या एका अर्जाला अधिक वजन असते. म्हणून पालकांनी समितीच्या सभेला यावे, रिक्त जागांविषयी विचारावे, आणि शिक्षकांविषयी तक्रार असल्यास ती मुलांसमोर न बोलता शाळेत येऊन मोकळेपणाने मांडावी. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस तरी वर्गात येऊन आपले काम मुलांना सांगावे, आणि शाळेसाठी जेथे शब्द टाकता येईल तेथे तो जरूर टाकावा. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी एका मुलासाठी तेवढेच केले होते.