वाटाण्याच्या रोपापासून 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत : दादासाहेब फाळके



परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणित-विज्ञानाला दिला जातो. घरीही आपण म्हणतो, "चित्रं नंतर काढ, आधी अभ्यास कर." अशा वेळी धुंडिराज गोविंद फाळके आठवावेत.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यामुळे पुराणातल्या गोष्टी घरातच कानावर पडल्या. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेसोबत छायाचित्रणही शिकले. फोटो धुवायचा म्हणजे रसायनं आलीच! नंतर ते जादूचे प्रयोग शिकले, छपाईच्या धंद्यात पडले आणि रंगीत छपाईचं तंत्र शिकायला जर्मनीलाही गेले. लोकांना ही धरसोड वाटली असेल, पण शिकलेलं काहीच वाया गेलं नाही.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर दिसावेत, हे मनाने घेतलं. सिनेमाच्या ध्यासात डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. बरे झाल्यावर १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते कॅमेरा घेऊन आले.

पण पैसा कोण लावणार? आता गंमत बघा. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र बी रुजून रोप वर येताना काही क्षणांत दिसलं! विज्ञानाचा हा धडा पाहूनच पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढंच नाही, तर अंधारात फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही तांत्रिक कामंही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. बायका कामाला मिळेनात, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके! पुढे 'लंका दहन' आणि 'कालिया मर्दन' हे चित्रपटही गाजले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेबांचं निधन झालं.

त्यांच्या कामात पुराणातली गोष्ट, चित्रकाराची नजर, रसायनं आणि यंत्र हे सगळं एकत्र आलं होतं. यातलं एक जरी काढलं असतं, तरी चित्रपट उभा राहिला नसता.

मग वर्गात एवढं करून बघा. कुंडीत वाटाणा पेरा. मोबाईल रोज त्याच जागी, त्याच वेळी ठेवून एक फोटो घ्या. मुलांना रोपाची उंची मोजू द्या, त्याचं चित्र काढू द्या आणि रोपाची गोष्ट लिहू द्या. महिन्याने सगळे फोटो भराभर पुढे सरकवून दाखवा. परिसर अभ्यास, गणित, चित्रकला आणि मराठी, चारही विषय एकाच कुंडीत!

तेव्हा चित्रकलेचा तास राहू द्या बरं का. कुणास ठाऊक, एखादा धुंडिराज आपल्याच वर्गात बसलेला असेल.