विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे भारतीय प्रसूतिशास्त्रज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यविशारद होते. गर्भाशयमुखाच्या दुर्बलतेमुळे वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी त्यांनी विकसित केलेली शस्त्रक्रिया जगभर ‘शिरोडकर टाका’ या नावाने ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

शिरोडकरांचा जन्म तत्कालीन पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९२३ साली वैद्यकाची पदवी घेतली आणि १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. पुढे इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. होऊन ते मुंबईस परतले. जे. जे. रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली, तसेच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक होते.

वारंवार गर्भपाताचा प्रश्न

फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावर त्याच्या बाहेरील पेशीस्तरातून बोटांसारखे सूक्ष्म अंकुर फुटतात. त्यांपासून वार (अपरा) तयार होते. आईचे रक्त या अंकुरांभोवती खेळते. गर्भाचे रक्त अंकुरांच्या आतील वाहिन्यांतून वाहते. दोन्ही रक्ते परस्परांत मिसळत नाहीत, परंतु पातळ पडद्यातून प्राणवायू, अन्नद्रव्ये व टाकाऊ पदार्थांची देवाणघेवाण होते. गर्भ टिकण्यास आवश्यक असलेले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आरंभी बीजकोशातील पीतपिंडातून मिळते; पहिल्या तिमाहीतच ते काम वार स्वतःकडे घेते. बहुसंख्य गर्भपात याच काळात होतात व त्यांतील अनेकांचे कारण गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे असते.

शिरोडकरांच्या पाहण्यात आलेल्या काही स्त्रियांची स्थिती याहून वेगळी होती. वार पूर्ण तयार होऊन गर्भ वाढीस लागल्यावर, चौथ्या ते सातव्या महिन्यांदरम्यान, त्यांचा गर्भपात होई आणि प्रत्येक गर्भारपणात तेच घडे. अंथरुणावरील विश्रांती व संप्रेरकांचे उपचार त्यांना उपयोगी पडत नसत. अशा स्त्रियांमध्ये दोष गर्भाच्या पोषणात नसून गर्भाशयमुखाच्या आतील तोंडाशी आहे, असा निष्कर्ष शिरोडकरांनी काढला. वाढत्या गर्भाचा व गर्भजलाचा भार न पेलल्याने ते तोंड कळा सुरू होण्यापूर्वीच उघडत असे.

शिरोडकर टाका

या शस्त्रक्रियेत योनिमार्गातून छेद घेऊन मूत्राशय वर सरकवले जाते व गर्भाशयमुखाभोवती, शक्य तितक्या आतील तोंडाजवळ, पट्टी बांधली जाते. आरंभी शिरोडकर यासाठी रुग्णेच्या मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी वापरत. पुढे कृत्रिम धाग्याच्या फिती प्रचारात आल्या. या पद्धतीविषयीचा त्यांचा लेख १९५५ साली प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयान मॅक्डोनाल्ड यांनी मूत्राशय न सरकवता घालावयाचा सोपा टाका मांडला. आज दोन्ही पद्धती वापरात आहेत.

नियोजित टाका सहसा १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात. तोपर्यंत लवकर होणाऱ्या गर्भपातांचा बहुतेक काळ उलटलेला असतो. योनिमार्गे प्रसूती व्हावयाची असल्यास साधारणपणे ३६ ते ३७ आठवड्यांनी टाका काढतात. गर्भातील किंवा वारेतील दोषामुळे होणारा गर्भपात या उपायाने टळत नाही. त्यामुळे रुग्णेची योग्य निवड महत्त्वाची ठरते.

अन्य कार्य व सन्मान

गर्भाशय खाली उतरण्याच्या विकारावर, गर्भाशय न काढता त्याला आधार देणारी शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केली. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांसाठी ती विशेष उपयुक्त ठरली. बीजवाहिन्यांच्या पुनर्रचनेवरही त्यांनी काम केले. भारतीय कुटुंब नियोजन संघटनेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होतो. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.